पिकअपचा हौदा : लांबी आणि मागची वाढ

पिकअप वाहनात केबिनच्या मागे माल ठेवण्यासाठी जो उघडा भाग असतो तो हौदा. त्याची लांबी केबिनकडच्या भिंतीपासून बंद फाळक्याच्या, म्हणजे मागच्या उघडझाप करणाऱ्या दाराच्या, आतल्या अंगापर्यंत मोजतात. हौद्यापेक्षा लांब माल नेता यावा म्हणून फाळका आडवा ठेवून त्यावर बसवलेली चौकट, किंवा कारखान्यातूनच आलेली तशी सोय, म्हणजे एक्स्टेंडर. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे नाव फारसे कानावर पडत नाही. लांब मालाची अडचण मात्र रोजची आहे आणि तिच्यावरचे उपायही इथलेच आहेत.

एक्स्टेंडर अमेरिकेत का जन्मला हे तिथल्या गाड्यांच्या बांधणीवरून कळते. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी कारखान्यातच हौदा बसवून विकायला काढली. तो हौदा ५६ इंचांचा, म्हणजे पाच फुटांहूनही आखूड होता. पुढे शेतकरी आणि सुतार-गवंडी यांच्या गरजेने आठ फुटांचा हौदा रूढ झाला, कारण प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा असतो आणि तो फाळका लावून सपाट मावला पाहिजे. नंतर पिकअप ही घरची गाडी झाली. चार दारांची, पाच माणसांची केबिन आली आणि तेवढी लांबी हौद्यातून कापली गेली. आज तिथल्या मोठ्या पिकअपमध्ये साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट अशी तीन मापे मिळतात आणि रस्त्यावर दिसतो तो बहुधा आखूड हौदा. एक्स्टेंडर ही त्या कापलेल्या लांबीची भरपाई आहे.

त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेल्या नळ्यांचा कठडा. फाळका आडवा पाडला की हा कठडा बाहेरच्या बाजूला उलटवायचा. सुमारे दोन फूट जागा वाढते आणि माल घसरून पडत नाही. आतल्या बाजूला उलटवला की तोच कठडा किराण्याच्या पिशव्या अडवून धरतो. फोर्डच्या एक्स्प्लोरर स्पोर्ट ट्रॅकला असा कठडा मिळत असे. जीएमसी कंपनीने २०१९ च्या सिएरा मॉडेलपासून फाळक्यातच दुसरा छोटा फाळका बसवला. तो उभा केला की लांब मालाला मागून अटकाव होतो.

शेवरोलेने उलटी वाट धरली आणि मागे वाढण्याऐवजी पुढे, केबिनमध्ये जागा शोधली. २००१ ते २०१३ या काळात निघालेल्या अ‍ॅव्हलांश गाडीत केबिन आणि हौदा यांच्यामधली भिंत मागच्या आसनासह खाली पडत असे, त्यामुळे सव्वापाच फुटांचा हौदा आठ फुटांच्या थोडा पुढे जाई. विजेवरच्या सिल्व्हराडो गाडीत ही भिंत आणि फाळका दोन्ही वापरून १० फूट १० इंचांपर्यंत माल ठेवता येतो. या दोन वाटांपैकी केबिनकडे वाढण्याची वाट अधिक शहाणपणाची, आणि त्याचे कारण मागच्या आसात (एक्सलमध्ये) आहे.

हौद्याचा मागचा भाग मागच्या आसाच्या पलीकडे लोंबता असतो. पुढच्या-मागच्या आसांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या आसापासून २ मीटर मागे २०० किलो वजन ठेवले, तर मागच्या आसावर २०० नव्हे, सुमारे ३३३ किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरून १३३ किलो उचलला जातो. स्टेअरिंग हलके पडते. सपाटीला हे कळतही नाही, पण वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढताना वळणावर पुढची चाके नीट धरत नाहीत. म्हणून एक्स्टेंडर हा मालाला अडवण्यासाठी असतो, वजन पेलण्यासाठी नव्हे. आडवा फाळका दोन्ही बाजूंच्या वायरदोरांवर तोललेला असतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की त्यांना बसणारा हिसका मालाच्या वजनाहून कितीतरी मोठा असतो.

सातारा-सांगलीच्या पिकअपची घडण वेगळी आहे. केबिन एकाच ओळीची, चालक आणि शेजारी एक-दोन जण. हौदा चाकांच्या वर बसवलेला, त्यामुळे अमेरिकन गाडीसारखे चाकांचे उंचवटे आत येत नाहीत आणि तळ सरळ सपाट मिळतो. बोलेरो पिकअपमध्ये आठ, नऊ आणि दहा फुटी हौदे आहेत. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचा, म्हणजे छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सव्वासात फुटांचा आहे. प्लायवूडचा तक्ता त्यात नऊ-दहा इंच बाहेर राहतो. चार दारांच्या गाड्या इथेही आहेत. बोलेरो कॅम्पर ठेकेदारांकडे दिसते, इसुझूची व्ही-क्रॉस हौशी बागायतदाराच्या दारात. पण ज्याला माल वाहायचा आहे तो या गाड्यांकडे वळत नाही, आणि कारखान्याचा एक्स्टेंडर इथे न रुजण्याचे कारणही हेच. जी लांबी कुणी कापलीच नाही तिची भरपाई कोण विकत घेणार?

मग लांबीची अडचण कुठे येते? मुख्यतः पाइपात. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी जसे दुष्काळी पट्ट्यात पोचले, तशी शेतापर्यंत पाइपलाइन टाकण्याची कामे वाढली, आणि पीव्हीसी पाइपाची नेहमीची लांबी ६ मीटर, म्हणजे वीस फुटांच्या जवळ. दहा फुटी हौदाही त्याच्या निम्माच. तिरके ठेवण्याची युक्ती थोडीच पुरते : नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याचा कर्ण साडेदहा फूट भरतो, म्हणजे दहा फुटी अँगल त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसतो, पाइप नाही. म्हणून केबिनच्या वर जाणारी लोखंडी चौकट बसवतात. पाइपाचे एक टोक फाळक्यापाशी, दुसरे केबिनच्या वरून पुढे. अ‍ॅव्हलांशने जे काम भिंत पाडून केले ते इथे भिंतीवरून जाऊन होते. ज्यांच्या गाडीला ही चौकट नाही ते फाळका साखळीवर आडवा ठेवतात. आपल्याकडच्या पिकअपचे दिवे आणि नंबरप्लेट हौद्याच्या खाली असल्याने फाळका सरळ लोंबता सोडला तर तो दोन्ही झाकतो, आणि रात्री मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही.

हौदा घेताना ‘एक फूट जास्तच असू दे’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो माल पाहून द्यायला हवा. ५४० बाय ३६० मिलिमीटरचे क्रेट घेतले, तर सुमारे २७६५ मिलिमीटर लांब आणि १७०० मिलिमीटर रुंद अशा नऊ फुटी हौद्यात एका थराला २१ बसतात, तर ३०५० मिलिमीटरच्या दहा फुटी हौद्यात २४. थराला तीन क्रेट जास्त. पण टोमॅटो भरलेला क्रेट वीस किलोचा धरला, तरी नऊ फुटी हौद्यात पाच थरांचे वजन २१०० किलो होते आणि १.७ टन क्षमतेची गाडी त्याआधीच भरलेली असते. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, कोरेगावचे आले यांचेही तेच : जागा उरते, क्षमता संपते. लांबीचा खरा फायदा हलक्या आणि फुगीर मालाला. उसाचे वाढे, माण-आटपाडीकडे जाणारा कडबा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांत हौदा आधी भरतो आणि वजनकाटा मागे राहतो.

जनावरांचा हिशेब तर आणखी वेगळा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिल्यापासून शर्यतीच्या खोंडांची ने-आण वाढली, आणि ती पिकअपमधूनच होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-ई गाय-म्हैस वर्गातल्या जनावरामागे २ चौरस मीटर जागा मागतो. आठ फुटी हौद्यात ४.१, नऊ फुटीत ४.७ आणि दहा फुटीत ५.२ चौरस मीटर भरतात. म्हणजे कोणताही घ्या, जनावरे दोनच. तिसऱ्यासाठी साडेअकरा फुटांहून लांब हौदा लागेल.

कायद्याची बाजू बरेच चालक अर्धीच जाणतात. लोखंडी सळ्यांसारखा माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवण्याची मुभा नियम ९३ मध्ये पूर्वी होती. २०१४ मध्ये ती काढून टाकली. टोकाला लाल फडके बांधले की चालते, हा समज त्या काळातला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार माल पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत परवानगीबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आहे आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडे. कडब्याच्या आडव्या पेंढ्या दोन्ही बाजूंच्या फाळक्यांवरून बाहेर लोंबतात, त्याही यात येतात. आडव्या फाळक्यावर कठडा बसवल्याने माल गाडीच्या ‘आत’ आला असे होत नाही.

हौदाच वाढवून घेणे हा आणखी मोठा बदल. नियम ९३ नुसार मागच्या आसापलीकडचा भाग दोन आसांतल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही; ३ मीटरच्या गाडीला ही मर्यादा १.८ मीटर पडते. शिवाय कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्यामुळे साताऱ्याच्या एमएच ११, सांगलीच्या एमएच १० किंवा कराडच्या एमएच ५० पाटीची गाडी बॉडी बांधणाऱ्याकडे नेली आणि हौदा फूटभर लांब करून मागितला, तर सावध कारागीर सांध्याला वेल्डिंग करत नाही. नटबोल्टवर काढता-घालता येणारी चौकट आणि फाळक्याच्या जाड साखळ्या एवढेच तो करून देतो, कारण फिटनेसच्या तपासणीला गाडी मूळ मापात उभी करावी लागते.