लेथवे

लेथवे : म्यानमारमधील (पूर्वीचा ब्रह्मदेश) पारंपरिक मुष्टियुद्धाचा प्रकार. हातमोजे न घालता, मुठींवर केवळ गॉझ आणि चिकटपट्टी गुंडाळून तो खेळला जातो. मुठी, कोपर, गुडघे आणि पाय यांबरोबरच डोक्याने धडक देण्याची मुभा असल्याने त्याला ‘नऊ अंगांची कला’ म्हणतात. थायलंडच्या मुए थायला ‘आठ अंगांची कला’ म्हणण्याची जी रूढी आहे, तिच्यावरूनच हे वर्णन प्रचारात आले असावे. मुए थाय, कंबोडियातील कुन ख्मेर (प्रदाल सेरेय), लाओसमधील मुए लाओ आणि लेथवे हे चारही प्रकार एकाच कुळातले मानले जातात.

बर्मी उच्चार ‘लेट्-ह्वे’ याच्या अधिक जवळचा आहे. पहिले अक्षर कंठात अडकून तुटते आणि पुढचा ‘ह्व’ श्वासयुक्त असतो. रोमन लेखनात ‘टी’ आणि ‘एच’ लगत आल्यामुळे ते एकत्र वाचले गेले आणि देवनागरीत ‘थ’ शिरला. तेच रूप आता ओळखीचे झाल्याने येथे ठेवले आहे. ‘लेट्’ म्हणजे हात. आजच्या बर्मी भाषेत हा शब्द पाश्चात्त्य मुष्टियुद्धालाही लावतात, म्हणून स्वदेशी प्रकाराचा नेमका उल्लेख करायचा झाल्यास ‘म्यान्मा योया लेथवे’, म्हणजे म्यानमारचे परंपरागत लेथवे, असे म्हणतात. बर्मी युद्धकलांना एकत्रितपणे ‘थाइंग’ ही संज्ञा आहे. त्यांत निःशस्त्र झुंजीचा बांडो, शस्त्रांचा बानशे आणि कुस्तीचा नाबान हे लेथवेचे सोबती होत.

लेथवेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात त्याचा आरंभ प्यू नगरराज्यांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात, किंवा निदान बागान साम्राज्याच्या काळात (सुमारे ११ वे ते १३ वे शतक) झाला असे सांगतात आणि पुराव्यादाखल बागान येथील मंदिरांवरील झुंजणाऱ्या जोड्यांच्या शिल्पांकडे बोट दाखवतात. हा पुरावा जपून वापरावा लागतो. बागानच्या मंदिरांवर, विशेषतः बाराव्या शतकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या आनंद मंदिरावर, जातककथांचे फलक मोठ्या संख्येने आहेत आणि जातकांत मल्लयुद्धाचे प्रसंग येतात. घट जातकात तर चाणूर आणि मुष्टिक हे मराठी वाचकाला कृष्णकथेतून परिचित असलेले मल्लच भेटतात. अशा वेळी एखाद्या फलकावर दोन पुरुष एकमेकांवर हात उगारून उभे दिसले, तर ते तेथील आखाड्यातले आहेत की भारतातून आलेल्या कथेतले, हे केवळ प्रतिमेवरून ठरवणे अवघड असते. त्या काळी बर्मी लोकांत हातघाईचे खेळ असणार यात शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्या खेळांना आजचे लेथवे म्हणणे हे पुराव्याच्या पुढे जाणे होय.

काही लेखक याच धाग्याने लेथवेचे मूळ भारतातील मुष्टियुद्धापर्यंत नेतात. बौद्ध धर्म आणि लिपी यांबाबत ब्रह्मदेश भारताचा ऋणी असल्याने ही कल्पना सहज पटते. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी चालणारी वज्रमुष्टीची झुंज, जिच्यात जेठी मल्ल मुठीत अणकुचीदार आयुध धरून लढत, तिचाही दाखला यासाठी दिला जातो. वज्रमुष्टी मुळात कुस्तीच्या अंगाने जाते, धरपकड आणि डाव हाच तिचा गाभा आहे. लेथवेत मात्र प्रहार मुख्य आणि पकड दुय्यम आहे. दोहोंमध्ये वंशसंबंध दाखवणारा लेखी दुवा पुढे आलेला नाही, तेव्हा येथे साम्य नोंदवून थांबणे बरे.

अठराव्या शतकातील एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने सयामची (आताचे थायलंड) राजधानी अयुथया जिंकली आणि असंख्य कैदी ब्रह्मदेशात नेले. त्यांपैकी नाय खनोम तोम या मुष्टियोद्ध्याने १७७४ मध्ये राजा सिन्ब्यूशिन याच्यासमोर एकामागून एक नऊ किंवा दहा बर्मी योद्ध्यांना हरवून स्वतःची सुटका करून घेतली, अशी ही कथा असून थायलंडमध्ये १७ मार्च हा दिवस त्याच्या नावाने पाळला जातो. सिन्ब्यूशिनने त्याच सुमारास रंगून (आताचे यांगून) येथील श्वेडगोन पॅगोडाचा जीर्णोद्धार केला हे इतिहासाला धरून आहे आणि अशा उत्सवात झुंजी ठेवणे हे तेथील चालीला साजेसे होते. तथापि कथेचा तपशील, विशेषतः हरवलेल्या योद्ध्यांची संख्या, दंतकथेच्या वळणाचा आहे. लेथवेच्या अभ्यासकाला तिच्यातून एवढेच घेता येते की बर्मी दरबारी मुष्टियोद्धे असत, ही गोष्ट सयामी परंपरेनेही गृहीत धरली होती.

अधिक भरवशाचा पुरावा तुलनेतून मिळतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सयाममध्येही योद्धे हाताला दोर गुंडाळून लढत आणि जुन्या थाई पद्धतीत डोक्याची धडक होती. हातमोजे, ठरावीक फेऱ्या, वजनी गट आणि गुणपद्धती तेथे १९२० नंतरच्या काळात रुजली आणि १९४५ साली बँकॉकमध्ये राचदाम्नेन हे क्रीडागार उघडल्यावर ती पक्की झाली. तोपर्यंत ब्रह्मदेशातील इरावती आणि सयाममधील मेनाम (चाओ फ्राया) या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांतील झुंजी परस्परांपासून फार दूर नव्हत्या, असे मानण्यास जागा आहे. थाई खेळाने जे टाकून दिले ते बर्मी खेळाने जपले, आणि लेथवेचे आज नजरेत भरणारे वेगळेपण या फारकतीतून आले, हे मत प्राचीनत्वाच्या दाव्यापेक्षा अधिक संभाव्य वाटते.

१८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धानंतर राजा थिबा पदच्युत झाला. त्याला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. थिबा पॅलेसमुळे ही घटना महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. मंडालेचा दरबार मोडल्याने मुष्टियोद्ध्यांचा राजाश्रयही संपला. ब्रिटिश अमदानीत शहरांमध्ये पाश्चात्त्य मुष्टियुद्ध आले. जुना खेळ मुख्यतः करेन आणि मोन लोकांच्या प्रदेशांत, पॅगोडांच्या जत्रांत आणि सुगीनंतरच्या उत्सवांत तग धरून राहिला. तेथे तो वाळूच्या हौद्यात खेळला जाई.

स्वातंत्र्यानंतर (१९४८) या खेळाला आजची चौकट देण्याचे श्रेय चा बा न्येइन (क्यार बा न्येइन असेही लेखन आढळते) याला दिले जाते. तो पाश्चात्त्य मुष्टियुद्धातील खेळाडू होता आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ब्रह्मदेशाचे प्रतिनिधित्व केले होते. मोन आणि करेन प्रदेशांत हिंडून त्याने जाणत्या योद्ध्यांकडून जुनी तंत्रे शिकून घेतली, नियम बांधले आणि हौद्यातला खेळ दोरांच्या रिंगणात आणला. माणसाचे सारे शिक्षण परक्या पद्धतीत झालेले असताना त्याने गावोगावच्या अशा खेळासाठी एवढी पायपीट करावी, ही गोष्ट मोलाची आहे. तिच्यावाचून लेथवे कदाचित जत्रांपुरतेच उरले असते.

पारंपरिक नियमांनुसार लढत तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती मिळते. गुण मोजले जात नाहीत. प्रतिस्पर्धी बाद झाला, त्याने माघार घेतली किंवा पंचांनी वा वैद्यांनी लढत थांबवली तरच विजय मिळतो. पाच फेऱ्या संपल्यावर दोघेही उभे असतील तर लढत बरोबरीत सुटते. जुन्या मातीवरच्या कुस्तीत चीतपट झाल्याशिवाय निकाल लागत नसे आणि बरोबरीत सुटलेली कुस्ती दोन्ही मल्लांचा मान राखत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नियमामागची दृष्टी उलगडून सांगावी लागणार नाही. खाली पडलेल्या योद्ध्यासाठी पंच दहापर्यंत मोजतो, मात्र प्रत्येक आकड्याला दोन सेकंद धरली जातात, त्यामुळे उठून उभे राहण्यास एकूण २० सेकंद मिळतात.

याहून विलक्षण नियम विरामाचा आहे. लढतीत एकदाच, आणि तोही पाचवी फेरी सोडून, बेशुद्ध पडलेल्या किंवा जबर मार बसलेल्या योद्ध्याच्या बाजूने दोन मिनिटांचा विराम मागता येतो. त्या दोन मिनिटांत साथीदार त्याला बसते करतात, पाणी मारतात, हातपाय चोळतात. शुद्धीवर येऊन तो ‘लढतो’ म्हणाला तर लढत पुढे चालू होते. अन्य कोणत्याही मुष्टियुद्धात जेथे सामना संपला असता, तेथे लेथवेत तो पुन्हा सुरू होऊ शकतो आणि क्वचित बाद झालेलाच शेवटी जिंकतोही. मेंदूला आघात झाल्यावर लगेच पुन्हा आघात होणे अत्यंत घातक असते, हे वैद्यकाने आता निःसंशय दाखवून दिले आहे. या नियमावरील आक्षेप म्हणूनच गंभीर आहे आणि परंपरेच्या नावाखाली तो बाजूला सारता येण्यासारखा नाही.

डोक्याच्या वापराबद्दल बाहेरच्या प्रेक्षकांचा गैरसमज असतो. धडक दुरून धावत जाऊन क्वचितच दिली जाते. योद्धे एकमेकांच्या मिठीत आले, मान आणि दंड धरले गेले की कपाळाचा वरचा, केसांच्या रेषेलगतचा टणक भाग प्रतिस्पर्ध्याच्या नाकावर किंवा भुवईवर आदळला जातो. मुए थायमध्ये अशा मिठीत गुडघा आणि कोपर यांचेच भय असते, त्यामुळे डोके समोरच्याच्या खांद्यापाशी निर्धास्त ठेवता येते. लेथवेत ते चालत नाही. हनुवटी कोठे ठेवायची येथपासून सगळी पकडच बदलते. कपाळाचा दुसरा उपयोग ढालीसारखा आहे. येणारा ठोसा मान किंचित झुकवून कपाळावर घेतला, तर हातमोजा नसल्याने मारणाऱ्याच्याच तळहाताची हाडे मोडण्याचा संभव असतो. त्यामुळे अनुभवी योद्धा डोक्यावर अंदाधुंद ठोसे मारत नाही. उघड्या मुठीमुळे जखमा अधिक होतात हे खरे, पण तीच मूठ मारणाऱ्याच्या हाताला आवरही घालते.

लढतीपूर्वी आणि विजयानंतर योद्धा वाद्यांच्या तालावर ‘लेथवे याय’ हे नृत्य करतो. त्याचबरोबर डावा हात कोपरात दुमडून छातीजवळ धरायचा आणि त्या दुमडीवर उजव्या तळहाताने खणखणीत थाप मारायची, असा आव्हानाचा एक संकेत आहे. त्याला ‘लेक्खा मौन’ म्हणतात. आपल्याकडच्या शड्डू ठोकण्याशी त्याचे साम्य इतके आहे की वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. लढत चालू असताना ‘ह्ने’ हे सनईच्या जातीचे वाद्य, ढोल, झांजा आणि बांबूच्या टिपऱ्या वाजत असतात आणि चकमक तापली की लयही चढते. पूर्वी योद्धे लुंगीसारखे वस्त्र कासोटा घालून वर खोचून लढत, आता आखूड चड्डी वापरतात. मांड्यांवर दाट गोंदण करून घेण्याची जुनी चाल मात्र काही योद्ध्यांनी अजून पाळली आहे.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या सुवर्णपट्टा स्पर्धेमुळे शहरी प्रेक्षक या खेळाकडे पुन्हा वळला. यांगूनचे थेइनब्यू क्रीडागार हे त्याचे मुख्य केंद्र. २००१ साली अमेरिकन योद्धे यांगूनला येऊन बर्मी खेळाडूंशी लढले. २००४ मध्ये आलेल्या चार जपानी योद्ध्यांपैकी अकितोशी तामुरा याने आया बो सेइन याला बाद करून दाखवले. २०१६ मध्ये टोकियोच्या कोराकुएन सभागृहात लेथवेच्या लढती झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडाच्या डेव्ह लेडक याने तुन तुन मिन याच्यावर मात करून खुल्या वजनी गटाचा किताब मिळवला. हा मान प्रथमच परदेशी योद्ध्याकडे गेल्याने म्यानमारमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. तुन तुन मिन विरामानंतर पुढे लढू शकला नव्हता.

२०१७ मध्ये ‘वर्ल्ड लेथवे चॅम्पियनशिप’ या व्यावसायिक मालिकेच्या लढती यांगूनमध्ये सुरू झाल्या. तिने विराम रद्द केला आणि पाच फेऱ्यांनंतर गुणांवर निकाल देण्यास आरंभ केला. उघड्या मुठी आणि डोक्याची धडक कायम ठेवली. परदेशी योद्ध्यांचा ओघ या मालिकेमुळे वाढला. त्यांत युरोपीय देशांबरोबर उझबेकिस्तानचेही योद्धे आहेत. उझबेकिस्तानात पाश्चात्त्य मुष्टियुद्धाची परंपरा अतिशय सकस आहे (२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या पदकतालिकेत तो देश पहिला होता आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने पाच सुवर्णपदके जिंकली). तिकडून येणाऱ्या योद्ध्याचे पदलालित्य आणि ठोशांचा पल्ला मुळातच घोटलेला असतो. त्याला नव्याने शिकावे लागते ते मिठीत डोके सांभाळणे आणि मोजा नसताना मूठ जपणे. बहुतेक जण आधी थायलंडमधील तालमींत मुए थाय शिकून मग म्यानमारकडे वळतात. २ ऑगस्ट २०१९ रोजी मंडाले येथे लेडकने अमेरिकेच्या सेथ बाझिन्स्कीला बाद करून या मालिकेचाही किताब घेतला.

गुणपद्धतीविषयी म्यानमारमध्ये एकमत नाही. परदेशी प्रेक्षकाला निकाल हवा असतो आणि चित्रवाणीला ठरावीक वेळात संपणारा सामना हवा असतो, हे तिच्या बाजूचे म्हणणे. जुन्या पिढीतील प्रशिक्षकांना मात्र असे वाटते की गुण आले की योद्धा टिकून राहण्यासाठी न लढता गुणांच्या हिशेबाने लढू लागतो आणि पाचव्या फेरीतली ती जिद्द निघून जाते. विराम काढणे आणि बरोबरी काढणे या दोन गोष्टी एकाच सुधारणेत बांधल्या गेल्या, हेच या वादातील खरे दुखणे आहे. पहिलीची गरज वैद्यकाने सिद्ध केली आहे, दुसरीची तशी गरज कोणी दाखवलेली नाही.

२०२० ची करोना साथ आणि फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठाव यांमुळे मोठ्या स्पर्धांची घडी विस्कटली. करेन राज्यातील नववर्षाच्या उत्सवांत पारंपरिक नियमांच्या लढती भरवण्याची प्रथा आहे. सीमेपलीकडे थायलंडमधील मे सोत येथे एप्रिलच्या नववर्षाला थाई आणि बर्मी योद्धे हाताला दोर गुंडाळून एकमेकांशी लढत आले आहेत.