प्रोसेसरच्या गिगाहर्ट्‌झची पार्श्वभूमी

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की सांगलीच्या संगणक दुकानांतून लॅपटॉपची कोटेशने घरोघरी पोहोचतात. त्यांत इंटेलच्या कोअर आय५-१२३५यू या एकाच प्रोसेसरपुढे कोणी १.३ गिगाहर्ट्‌झ लिहितो, कोणी ४.४, आणि खोटे कोणाचेच नसते. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे प्रोसेसरच्या कामाचे सेकंदाला एक अब्ज ठोके; मेगाहर्ट्‌झ हा त्याचा हजारावा भाग. पहिला मोठ्या कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) मूळ वेग, दुसरा त्याच कोअरचा कमाल वेग; लहान कोअरचे ०.९ आणि ३.३ हे आकडे तर बहुधा छापलेच जात नाहीत.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हा प्रश्नच नव्हता. त्यातला ८०८८ प्रोसेसर बोर्डावरच्या क्रिस्टलने (ठरावीक दराने कंप पावणाऱ्या स्फटिकाने) ठरवून दिलेल्या ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चाले आणि काम असो वा नसो, त्यात बदल होत नसे. १९९२ मध्ये ४८६डीएक्स२ आला तेव्हा आत ६६ आणि बाहेर बोर्डाशी बोलताना ३३ मेगाहर्ट्‌झ अशी फारकत झाली. त्या काळच्या कॅबिनेटवर झळकणारा आकडा तर काहीच मोजत नसे. संगणकाची जोडणी करणारा माणूस जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, लावून तो बसवत असे.

पुढे आकडा विक्रीचे हत्यार झाला. सायरिक्स या कंपनीने १३३ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला ‘पी१६६+’ म्हणजे १६६ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमच्या तोडीचा म्हटले, तर २००१ मध्ये एएमडी या कंपनीने १.५३ गिगाहर्ट्‌झच्या अॅथलॉनला ‘१८००+’. यात चलाखी होती, पण तथ्यही होते, कारण प्रतिस्पर्धी इंटेलचा पेंटियम ४ एका ठोक्यात तुलनेने कमी काम उरकत असे. २००४ मध्ये उष्णतेपुढे हात टेकून इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ रद्द केला.

खरी अडचण मोजण्यातच आहे. १९९३ च्या पेंटियममध्ये प्रत्येक ठोक्याला वाढणारा गणक होता. ठरावीक वेळात तो किती पुढे सरकला हे पाहिले की वेग कळे. मात्र वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग बदलू लागल्यावर हा गणक स्थिर दराने चालवला जाऊ लागला, त्यामुळे आज तो वेळ नेमकी सांगतो, वेग सांगत नाही. प्रत्यक्ष वेगासाठी आणखी दोन गणकांचे गुणोत्तर घ्यावे लागते. तीही केवळ त्या अवधीतली आणि त्या कोअरची, तो जागा असतानाची सरासरी असते, आणि मोजणारा प्रोग्रॅम चालवताच झोपलेला कोअर जागा होतो. त्यात चार्जर काढलेला असेल किंवा सांगलीतली मे महिन्याची दुपार असेल, तर कमाल वेग काही क्षणांत ओसरतो. म्हणून खोलीचे तापमान आणि चाचणीचा कालावधी नोंदवल्याशिवाय दोन लॅपटॉपचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत.