नोंदवहीत नाव येईपर्यंत

सरकारी रुग्णालयाच्या फाइलीत तिला 'अधिपरिचारिका' म्हणतात. तिच्या वरची ती 'परिसेविका' आणि सगळ्यांत वरची 'अधिसेविका'. पेशंट मात्र यातला एकही शब्द वापरत नाही. तो "सिस्टर!" म्हणून हाक मारतो. वॉर्डात पुरुष नर्स असेल तर "ब्रदर!", आणि खेड्यात उपकेंद्रावर भेटते ती 'नर्सबाई'. सिस्टर हा शब्द ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून आला. आजारी माणसाची सेवा हे जिथे देवाचं काम होतं, तिथली ही हाक. त्यामुळे त्या कामाला पगार किती, तास किती, शिक्षण किती, हे प्रश्न बराच काळ कुणी विचारलेच नाहीत. पुण्यकर्माचा हिशोब मागायचा नसतो, अशी आपलीही समजूत आहेच.

या कामाची आणखी एक अडचण आहे. शुश्रूषा चांगली झाली की दाखवायला काही उरत नाही. पडून पडून पाठीला जखम, म्हणजे बेडसोअर, झाली नाही, टाके चिघळले नाहीत, म्हातारा रात्री खाटेवरून पडला नाही, चुकीचं इंजेक्शन गेलं नाही. न घडलेल्या गोष्टी कुठे लिहायच्या? नर्सिंगचा इतिहास वाचताना मला वारंवार हेच दिसतं, की या व्यवसायाची निम्मी लढाई आजाराशी होती आणि निम्मी वहीशी. आधी कामाची नोंद, मग काम करणाऱ्याची नोंदणी.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाने हे काम मोजलं होतं, हे मान्य करायला हवं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याचं सगळं करणारा. त्याचे गुणही चारच: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याबद्दल अनुराग आणि शौच, म्हणजे स्वच्छता. या यादीत ज्ञान पहिलं आहे आणि माया तिसरी. पुढे कित्येक शतकं हा क्रम उलटा धरला गेला. माया असली की झालं, शिकायचं काय त्यात?

आधुनिक नर्सिंगची गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू करायची रीत आहे, आणि ती हातातला दिवा दाखवून सुरू करायची रीत आहे. तो दिवासुद्धा चित्रकारांनी बदलला. चित्रांत दिसतो तो अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला. ती जिथे काम करत होती त्या स्कुटारीच्या रुग्णालयात वापरात होता तो घडीचा तुर्की कंदील. मला विचाराल तर दिव्यापेक्षा तिची वही महत्त्वाची.

ब्रिटनच्या रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात 4 नोव्हेंबर 1854 रोजी ती 38 स्त्रियांची तुकडी घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी 1855 मध्ये दाखल रुग्णांतले शंभरातले जवळपास 42 दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. इमारतीखाली तुंबलेली गटारं उपसली गेली, पाणी आणि हवा सुधारली, आणि जूनपर्यंत तेच प्रमाण शंभरात दोनवर आलं. म्हणजे माणसं वाचवण्यात गटार साफ करणाऱ्यांचा वाटा मोठा होता. हे तिलाही परतल्यावरच, विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत आकडे लावताना पुरतं उमगलं. दुसरं कुणी असतं तर ते आकडे गुंडाळून ठेवले असते. हिने ते छापले. 1858 मध्ये तिने केलेल्या पाकळ्यांच्या आकाराच्या तक्त्यात टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले निळ्या रंगात होते आणि जखमांनी मेलेले लाल. निळ्या पाकळ्यांपुढे लाल अगदी खुज्या दिसतात. त्याच सुमारास लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं, आणि तिथली ती पहिली स्त्री.

त्याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल हीदेखील होती. तिने सेवेसाठी केलेला अर्ज लंडनमध्ये नाकारला गेला, तेव्हा ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि बालाक्लाव्हाजवळ तळ टाकून सैनिकांना खाऊ-पिऊ आणि औषधपाणी करत राहिली. अधिकृत नोंदीत तिला शिरायला शंभरएक वर्षं लागली.

नाइटिंगेल भारतात कधी आली नाही. पण इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनसाठी तिने छावण्याछावण्यांतून माहिती मागवली. 1863 च्या अहवालात हजार सैनिकांमागे वर्षाला 69 मृत्यू हा आकडा आला. दहा वर्षांनी तो 18 वर आल्याचं तिने लिहिलं. पुढे तिचं लक्ष छावणीबाहेरच्या खेड्यांकडे, दुष्काळाकडे, पाटबंधाऱ्यांकडे वळलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये तिच्या नावाच्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली. तिथली खरी नवी गोष्ट अभ्यासक्रम नव्हती, अधिकाराची साखळी होती. नर्सने जबाबदार राहायचं ते मेट्रनला, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुख असलेल्या शिकलेल्या बाईला; वॉर्डात फिरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला किंवा कारकुनाला नाही. आपल्याकडे 'मेट्रन' या शब्दाला अजून जो दरारा आहे तो तिथून आलेला.

मात्र नोंदणीच्या प्रश्नावर हीच बाई विरोधात उभी राहिली, आणि मला हा भाग सगळ्यांत मनोरंजक वाटतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची माजी मेट्रन एथेल बेडफोर्ड फेनविक हिने 1887 मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. तीन वर्षांचं शिक्षण, परीक्षा आणि नोंदवहीत नाव, अशी तिची मागणी. नाइटिंगेलचं म्हणणं असं, की परीक्षेने स्वभाव कळत नाही आणि वहीतलं नाव म्हणजे चांगली नर्स नव्हे. म्हणणं खोटं नव्हतं. पण वही नसली की कालपर्यंत दुसरंच काम करणारी व्यक्ती आज स्वतःला नर्स म्हणवू शकते, आणि शिकलेलीला तिच्याच पगारावर राबावं लागतं. हा वाद तीस वर्षं चालला. तोवर न्यूझीलंडने 1901 मध्ये कायदा करून बाजी मारली. इंग्लंडचा कायदा 1919 चा, आणि तिथल्या नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविकबाईंचाच. त्या वहीत पुरुष नर्सांना मात्र वेगळ्या पुरवणी यादीत बसवलं होतं. ब्रदरांची पंचाईत तेव्हापासूनची.

मुंबईत जे. जे. रुग्णालय 1845 पासून होतं, स्त्रियांसाठीचं कामा रुग्णालय 1886 मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी निघालेल्या डफरिन फंडाने बायकांसाठी बायका डॉक्टर, नर्स आणि सुइणी तयार करण्याला पैसा दिला. शिकवणाऱ्या बहुतेक युरोपियन, शिकणाऱ्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी, बेने इस्रायल. बाकी समाज लांब होता. कारण उघड आहे: कुठल्याही जातीच्या माणसाची ओकारी, रक्त, मलमूत्र हाताने काढायचं, परक्या पुरुषाला स्पर्श करायचा, आणि वर रात्रपाळी. सुईण घरी यायची तीही मागच्या दाराने, आणि बाळंतिणीची नाळ कापून गेली की विटाळाची धरली जायची. त्याच कामाला आता व्यवसाय म्हणा असं सांगणं सोपं नव्हतं. 1891 मध्ये जे. जे. त शिकायला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून काशीबाई गणपत यांचं नाव पाठ्यपुस्तकांत येतं, एका ओळीत. परीक्षेत दोन मार्कांना विचारण्याइतपत.

सहा वर्षांनी प्लेगची साथ पुण्यात पोहोचली. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्ण पोचवले, त्यांची देखभाल केली, त्यात त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शिक्षिका म्हणून त्यांची ओळख इतकी मोठी आहे की या शेवटच्या कामाला आपण क्वचितच शुश्रूषा म्हणतो.

पांढरपेशा मराठी घरांचं दार उघडलं ते रमाबाई रानड्यांनी. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या मुली, त्यांत तरुण विधवा पुष्कळ, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. ज्या घरात सोवळ्यातल्या बाईला चारचौघांत यायची बंदी होती, त्या घरातली मुलगी गणवेश घालून वॉर्डात उभी राहिली. लोक बोलले. रमाबाईंनी वसतिगृह चालवलं, घरोघर जाऊन समजूत घातली, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात स्वतःची कमाई आली.

देशपातळीवरची संघटना याच काळातली: 1905 मध्ये लखनौत नर्सिंग सुपरिंटेंडंटांची, 1908 मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. नोंदणीचा पहिला कायदा मद्रास प्रांताचा, 1926 मधला. मुंबई प्रांताची नर्सिंग कौन्सिल 1935 ची. 1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने चित्र मांडलं तेव्हा देशात सुमारे 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता आणि सुमारे 43,000 लोकांमागे एक नर्स. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आजही चमकायला होतं. नर्सा डॉक्टरांपेक्षा जास्त लागतात, आणि होत्या कितीतरी कमी. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे बी. एस्सी. नर्सिंग सुरू झालं. 1947 च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आली आणि प्रांतागणिक वेगळ्या असलेल्या शिक्षणाला एक माप मिळालं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1966 चा. 2016 मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सचं पदनाम 'नर्सिंग ऑफिसर' केलं, आणि 1947 च्या कायद्याच्या जागी 2023 मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला.

शपथविधीला विद्यार्थिनी अजूनही हातात दिवा घेतात आणि 'नाइटिंगेल प्लेज' म्हणतात. ती शपथ नाइटिंगेलची नाही. 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झालेली आहे, आणि मूळ मसुद्यात डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचं वचन आहे.

या सगळ्या कागदांत मला एक कागद वेगळा वाटतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये कामाच्या जागीच प्राणघातक हल्ला झाला. त्या पुन्हा उठल्या नाहीत. पुढची 42 वर्षं, 2015 पर्यंत, त्याच रुग्णालयातल्या नर्सांनी पिढी बदलत त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. त्यांना दयामरण मिळावं या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी निकाल दिला. अर्ज फेटाळला आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, हे त्या निकालपत्रात लिहिलेलं आहे.