भारतीय रेल्वेतील देखभाल गाड्या

रूळ, रुळांखालची खडी, डोक्यावरची वीजवाहक तार यांची निगा राखण्यासाठी आणि अपघातानंतर मार्ग मोकळा करण्यासाठी रेल्वे ज्या गाड्या खास स्वतःकरिता चालवते, त्यांना देखभाल गाड्या म्हणतात. प्रवाशांच्या वेळापत्रकात त्या नसतात. मुंबईकरांना त्यांची ओळख होते ती बहुधा रविवारच्या मेगाब्लॉकमुळे.

या गाड्यांचा एकच एक मालक नसतो. खडी, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) किंवा रूळ वाहणारी मटेरियल ट्रेन अभियांत्रिकी खात्याच्या कामाची असते, पण तिचे इंजिन परिचालन विभाग देतो. ते चालवतो नेहमीच्या गाड्यांवरचाच लोको पायलट. मागे गार्ड असतो, ज्याचे पदनाम जानेवारी 2022 पासून ट्रेन मॅनेजर झाले आहे. खडी कुठे आणि किती पाडायची हे मात्र रूळमार्गाचा पर्यवेक्षक ठरवतो. त्याला जुने रेल्वेवाले अजूनही पीडब्ल्यूआयच (परमनंट वे इन्स्पेक्टर) म्हणतात. दोन स्थानकांच्या मध्ये थांबत-सरकत काम करायचे असल्याने अशी गाडी सोडण्यापूर्वी ब्लॉक घ्यावा लागतो, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरता तो मार्ग इतर गाड्यांना बंद करावा लागतो. गर्दीच्या मार्गावर खरी टंचाई या वेळेची असते. गाडी आणि माणसे तयार असूनही ब्लॉक मिळाला नाही, तर काम होत नाही.

खडीसाठी तळाची दारे उघडणाऱ्या हॉपर वाघिणी वापरतात. गाडी अगदी मंद गतीने पुढे जात असताना खडी रुळांवर सांडत जाते. रुळांची गाडी याहून पाहण्यासारखी असते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून 260 मीटर लांबीचे जोडलेले रूळ अनेक वाघिणींवर आडवे ठेवून आणतात, आणि वळणावर ते गाडीबरोबर वाकतात.

इंजिनांच्या बाबतीत देखभालीच्या कामात डिझेलचे महत्त्व टिकून आहे. तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो. तिच्या जवळ क्रेन चालवायची किंवा वाघिणीवर चढून काम करायचे, तर आधी प्रवाह बंद करावा लागतो, आणि मग विजेचे इंजिन तिथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे जवळजवळ सर्व मार्गांचे विद्युतीकरण झाल्यावरही डिझेल इंजिनांची गरज संपलेली नाही. अमेरिकी अल्को कंपनीच्या आराखड्यावर वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनू लागलेले डब्ल्यूडीएम-2, त्यापुढचे 3,100 अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-3ए व डब्ल्यूडीजी-3ए, आणि यार्डात शंटिंग करणारे डब्ल्यूडीएस-6 ही इंजिने अशा गाड्यांना जोडलेली दिसत आली आहेत. मेल-एक्सप्रेसवरून उतरलेल्या इंजिनाला इथे काम मिळते, कारण या कामाला वेग लागत नाही. मात्र वर वीज असो वा नसो, इंजिन चालले पाहिजे.

रूळमार्गाची यंत्रे ही वेगळीच जात आहे. त्यांना बहुधा इंजिन लागत नाही, ती स्वतःच्या डिझेल शक्तीवर धावतात. स्लीपरखालची खडी ठासून रूळ पातळीत आणणारे टॅम्पिंग मशीन, खडी उपसून चाळणारे बॅलास्ट क्लीनिंग मशीन आणि ठासलेला मार्ग कंप देऊन स्थिर करणारे मशीन ही त्यांतली मुख्य. ऑस्ट्रियाच्या प्लासर अँड थॉयरर कंपनीची भारतीय शाखा अशी अनेक यंत्रे पुरवते. ती चालवणारे ऑपरेटर अभियांत्रिकी खात्याचे, त्या यंत्रासाठी पात्रता प्रमाणपत्र मिळवलेले असतात. महिनोन्महिने घरापासून दूर राहून केलेली त्यांची मेहनत प्रवाशाला गाडीच्या संथ, न हिंदकळणाऱ्या चालीतूनच जाणवते.

तारेची निगा राखणारी टॉवर वॅगन विद्युत खात्याच्या कर्षण-वितरण शाखेकडे, म्हणजे गाड्यांना वीज पुरवणाऱ्या शाखेकडे असते. तिचा चालकही त्याच शाखेचा असतो. छतावरच्या उचलत्या फलाटावरून कर्मचारी तारेपर्यंत पोहोचतात. इथेही काम करताना तारेतला प्रवाह बंद ठेवावा लागत असल्यामुळे ही गाडी डिझेलवरच चालते.

अपघात मदत गाडीची जबाबदारी यांत्रिक खात्याकडे असते. तिच्यासोबत 140 टनांपर्यंत वजन उचलणारी क्रेन असू शकते. निरोप मिळाल्यापासून दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांत ही गाडी सुटावी अशी अपेक्षा असते. तिच्यासाठी वेगळे राखीव इंजिन नेहमी असतेच असे नाही. गरज पडल्यास जवळच्या गाडीचे इंजिन काढून घेतात, कारण या गाडीला इतर सर्व गाड्यांपेक्षा अग्रक्रम असतो. वैद्यकीय मदत गाड्या मात्र आता अनेक ठिकाणी वेगळे इंजिन न लावता स्वतःच्या शक्तीवर धावणाऱ्या असतात. कोकण रेल्वेने अशा गाड्या रत्नागिरी आणि वेर्णा येथे ठेवल्या आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळण्याची भीती असल्याने या मार्गावर वाघिणीवर बसवलेली उत्खनन यंत्रे, रूळ-देखभाल वाहने आणि टॉवर वॅगन ठरावीक ठिकाणी सज्ज असतात. 2022 मध्ये हा मार्ग पूर्णपणे विद्युतीकृत झाला, तरी दरड हटवायला जाणारी वाहने डिझेलवरचीच आहेत.