कप लंडनचा, सामना डब्लिनचा : परदेशातून हर्लिंग पाहणाऱ्यांची पार्श्वभूमी

हर्लिंग या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत जिंकणाऱ्या संघाला जो कप मिळतो, तो लिअम मॅकार्थी यांच्या नावाचा आहे. हे मॅकार्थी आयर्लंडमध्ये जन्मलेच नव्हते. त्यांचे आईवडील आयर्लंड सोडून लंडनला आलेले. मॅकार्थींचा जन्म 1853 साली तिथलाच आणि आयुष्यही तिथेच गेलं. लंडनमधल्या आयरिश मुलांना हर्लिंगची गोडी लागावी म्हणून ते झटले, तिथल्या संघटनेचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि पुढे हा कप देऊ केला. 1921 सालची स्पर्धा स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवीमुळे रेंगाळली. तिचा अंतिम सामना मार्च 1923 मध्ये झाला, लिमरिकने डब्लिनला हरवलं आणि कर्णधार बॉब मॅकॉन्की हा कप उचलणारा पहिला खेळाडू ठरला. सिडनीत किंवा बॉस्टनमध्ये बसून सामना पाहणारा चाहता हा या खेळाचा पाहुणा नाही, तो सुरुवातीपासून घरातलाच आहे, हे या कपाच्या जन्मकथेतच दिसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी होत गेलेली काठी. चामड्याचा छोटा चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात. तो काठीने हवेतल्या हवेत मारायचा, काठीवर तोलून पळायचं, हाताने झेलायचा. गोलपोस्टच्या आडव्या दांडीखालून चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून गेला की एक गुण. म्हणून धावफलकावर 3-29 असं काही दिसलं तर तीन गोल आणि एकोणतीस पॉइंट, एकूण 38 गुण. काउंटी पातळीवरचा मोठा सामना सत्तर मिनिटांचा. खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, सुतार, पोलीस अशी कामंधंदा सांभाळणारी ही माणसं सहसा आपल्या जन्मगावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून खेळतात. क्लब विकत घेता येत नाही आणि काउंटी बदलायची रीत नाही. टिपरेरीचा माणूस तीस वर्षं शिकागोत राहिला तरी टिपरेरीचाच. परदेशातल्या चाहत्याची ओढ समजून घ्यायची तर सगळ्यात आधी हे लक्षात घ्यावं लागतं. तो एखाद्या नामांकित संघाचा नुसता चाहता नसतो, त्याच्या शाळेतल्या सोबत्याचा मुलगा मैदानात असतो.

आता हे लोक परदेशात गेले कसे, ते पाहू. 1845 पासून बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळाच्या त्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर जाणं थांबलंच नाही. हर्लिंगसारखे खेळ खेड्यांबरोबरच विरळ होत चालले होते. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरीतल्या थर्लस गावी हेज हॉटेलात मायकल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आणि मोजक्या मंडळींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, स्थापन केली ती या पार्श्वभूमीवर. पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा 1887 सालची. आणि दुसऱ्याच वर्षी स्थलांतराने या नव्या संघटनेला पहिला तडाखा दिला. पैसा उभा करावा आणि अमेरिकेतल्या आयरिश लोकांना खेळ दाखवावा म्हणून 1888 मध्ये पन्नासेक खेळाडूंचा जथा अटलांटिक ओलांडून गेला. पाऊसपाण्याने आणि तिथल्या संघटनांच्या भांडणांनी दौरा तोट्यात गेला. परतीच्या तिकिटांसाठी आयरिश राष्ट्रवादी नेते मायकल डेव्हिट यांना मदत करावी लागली. कित्येक खेळाडू तर परतलेच नाहीत, अमेरिकेतच राहिले. त्या वर्षीची हर्लिंग स्पर्धा अर्धवट राहिली ती कायमची.

लंडनने मात्र एकदा बाजी उलटवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं आयर्लंडमधल्या विजेत्याला शेवटी लंडनच्या संघाशी खेळावं लागे. 1901 सालच्या स्पर्धेचा अंतिम सामना उशिरा, 1903 मध्ये, डब्लिनच्या जोन्स रोडवरच्या मैदानात झाला. तेच आजचं क्रोक पार्क. त्यात लंडनने कॉर्कला हरवलं. कॉर्क म्हणजे हर्लिंगचं माहेरघर, आणि त्यांना नमवणारे सगळे घर सोडून गेलेले! त्या संघातल्या एडवर्ड बॅरेट या पोलिसाने पुढे 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रस्सीखेचीचं सुवर्णपदकही मिळवलं. लंडनला हा किताब पुन्हा कधी मिळाला नाही, पण लंडनचा संघ आजही खालच्या गटांतून रीतसर स्पर्धा खेळतो.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. ब्रॉन्क्समधल्या गेलिक पार्कवर रविवारी माणूस सामना बघायला जाई आणि येताना कामाचा पत्ता घेऊन येई. बोटीतून नव्याने उतरलेल्याला खोली, नोकरी, कधी बायकोसुद्धा तिथल्या ओळखींतून मिळाली. उन्हाळ्यात आयर्लंडचे नावाजलेले खेळाडू तिथल्या क्लबांकडून खेळायला विमानाने जात, तीही प्रथा तिथलीच. त्यावर बरंच लिहिता येईल, पण इथे विषय पाहणाऱ्यांचा आहे.

पाहण्याआधी ऐकणं आलं. 29 ऑगस्ट 1926 रोजी डब्लिनच्या टू-आरएन या रेडिओ केंद्राने क्रोक पार्कमधून किलकेनी विरुद्ध गॉलवे हा हर्लिंगचा उपांत्य सामना थेट प्रक्षेपित केला. युरोपात मैदानी खेळाचं रेडिओवर थेट वर्णन झालं ते बहुधा पहिल्यांदाच. केंद्र सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माइकपुढे होते पी. डी. मेहिगन, स्वतः हर्लिंग खेळलेले पत्रकार. 1938 पासून मीहॉल ओ'हेअर यांचा आवाज आला आणि पुढची चार-पाच दशकं आयर्लंडचा रविवार त्यांच्या आवाजाने ओळखला गेला. 1947 मध्ये दुष्काळाच्या सर्वांत भीषण वर्षाला शंभर वर्षं झाली म्हणून जीएएने अंतिम सामनाच न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नेला. तो गेलिक फुटबॉलचा, म्हणजे जीएएच्या दुसऱ्या खेळाचा होता, हर्लिंगचा नव्हे, तरी त्याचा उल्लेख इथे हवाच. कॅव्हन आणि केरी खेळत होते आणि आयर्लंडमधले लोक त्यांचे वर्णन रेडिओवर ऐकत होते. भाड्याने घेतलेल्या लाइनची वेळ संपत आली आणि सामना काही संपेना. ओ'हेअर थेट प्रक्षेपणातच विनवू लागले, लाइनवर कोणी ऐकत असेल तर आणखी पाच मिनिटं द्या! ती मिळाली. दूर राहून कान देऊन बसणं म्हणजे काय, ते त्या एका दिवशी मागे राहिलेल्यांनाही कळलं.

1950 च्या दशकात सुमारे चार लाख लोक आयर्लंडमधून गेले, बहुतेक ब्रिटनला. दिवसभर रस्ते खणणारे, बोगदे पाडणारे मजूर आणि रुग्णालयांतल्या नर्स. या पिढीच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. सामन्याच्या दिवशी शहराबाहेरच्या उंच टेकडीवर गाडी न्यायची, कारण तिथे आयरिश रेडिओ जरा बरा लागतो. खरखरीतून शब्द निसटत, गोल कोणाचा झाला ते पुढच्या वाक्यात समजे. पुढे लाँगवेव्हवर 252 किलोहर्ट्झला आरटीई या आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा रेडिओ ब्रिटनभर नीट लागू लागला. 2014 मध्ये ही सेवा बंद करायचं आरटीईने ठरवलं तेव्हा ब्रिटनमधल्या म्हाताऱ्या आयरिश माणसांनी एवढा आवाज उठवला की निर्णय लांबणीवर टाकावा लागला. अखेर 14 एप्रिल 2023 रोजी ती बंद झालीच. वीज आणि देखभालीचा खर्च मोठा होता, हे कारण खरं आहे. तरीही माझ्या मते ते चुकलं. ज्यांच्या पिढीने घरी मनिऑर्डरी धाडून देश उभा ठेवला, त्यांना ऐंशीव्या वर्षी अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगणं बरं नव्हे.

1980 चा अंतिम सामना परदेशातल्या प्रत्येक हर्लिंगवेड्याला ठाऊक असतो. गॉलवेने 57 वर्षांनी किताब जिंकला. आयर्लंडचा पश्चिम किनारा म्हणजे सर्वाधिक माणसं बाहेर पाठवणारा भाग, आणि गॉलवे त्यातलंच. कर्णधार जो कॉनोली यांनी कप हातात घेऊन आयरिश भाषेत भाषण केलं. घरच्यांचा आनंद सांगितला आणि लगेच इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या गॉलवेकरांची आठवण काढली. विजयाच्या भाषणात गेलेल्यांना हाक मारणं त्या क्षणी लोकांच्या मनाला जसं भिडलं, तसं क्वचितच काही भिडलं असेल. 2005 मध्ये कॉर्कचा कर्णधार शॉन ओग ओ हाल्पिन यानेही आयरिशमध्येच भाषण केलं. त्याचे वडील फर्मॅनाहून ऑस्ट्रेलियाला गेलेले, आई फिजीची, आणि तो स्वतः अकराव्या वर्षी सिडनीहून कॉर्कला आलेला.

टीव्हीचं चित्र मात्र दूरच्या माणसाला दीर्घकाळ दुर्लभ होतं. आयर्लंडमध्ये 1962 पासून अंतिम सामने थेट दिसू लागले, पण लंडनमध्ये ते बघायला जागा शोधावी लागे. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकात आयर्लंड-नेदरलँड्स सामना ब्रिटनमध्ये कोणी दाखवेना. तेव्हा मायकल ओ'रूर्क आणि लिओनार्ड रायन या दोघांनी लंडनच्या ईलिंगमध्ये नाचाचा हॉल भाड्याने घेऊन तो दाखवला. त्यातून सेटांटा ही वाहिनी उभी राहिली. नावही अचूक निवडलेलं, कारण सेटांटा म्हणजे आयरिश पुराणकथेतला तो पोरगा, ज्याने चालून आलेल्या कुत्र्याला हर्लिंगच्या काठीने आणि चेंडूने लोळवलं. पुढे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात ठरावीक पबांमध्ये सेटांटाचं प्रक्षेपण येई आणि दाराशी वीसेक डॉलर मोजून आत जावं लागे. सकाळी सकाळी पबसमोर काउंटीचे शर्ट घालून रांग लावलेली माणसं हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य. ब्रिटनमधली सेटांटा 2009 मध्ये बुडाली. नेमकं तेव्हाच मंदीमुळे आयरिश तरुण पुन्हा लोंढ्याने ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघाले होते, आणि गावोगावच्या क्लबांना पंधरा खेळाडू जमवणं जड जाऊ लागलं होतं.

या नव्या पिढीच्या हातात फोन होता. 2014 मध्ये जीएए आणि आरटीई यांनी मिळून जीएएगो ही इंटरनेटवरची सेवा परदेशातल्या प्रेक्षकांसाठी काढली. वर्गणी भरा आणि जगात कुठेही सामना बघा. आठ-नऊ वर्षं याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. मग 2023 मध्ये काही मोठे सामने आयर्लंडमध्येही फक्त जीएएगोवर, पैसे भरूनच, दिसू लागले आणि एकच गदारोळ झाला. कॉर्क-टिपरेरी सामन्यावरून उपपंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी, जे स्वतः कॉर्कचे, उघड नाराजी व्यक्त केली. (तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड.) संसदीय समितीपुढे प्रश्नोत्तरं झाली. लोकांचा राग बरोबरच होता. बिनपगारी खेळाडू आणि फुकट राबणारे स्वयंसेवक यांच्यावर उभा असलेला खेळ आजोबांना पैशाशिवाय दिसू नये, हे पटणारं नाही. पण त्या साऱ्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोललं नाही. परदेशातला माणूस पबच्या दाराशी आणि वर्गणीच्या रूपाने तीसेक वर्षं हेच पैसे मोजत आला होता. 2025 पासून आरटीई बाहेर पडली आणि ही सेवा जीएए प्लस या नावाने एकट्या जीएएची झाली.

दरम्यान वेळापत्रकही हललं. पिढ्यान्‌पिढ्या हर्लिंगचा अंतिम सामना सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असे. कोकणातला चाकरमानी गणपतीची रजा जशी वर्षाआधी पक्की करतो, तशी लंडन-बॉस्टनची माणसं या रविवाराची रजा धरून ठेवत. 2018 मध्ये सामना ऑगस्टला आला, 2022 पासून जुलैला. क्लबच्या खेळाडूंना मोकळा मोसम मिळावा हा हेतू रास्त होता, आणि त्यांच्या बाजूने मी मत देईन. शिवाय 2018 पासूनच मन्स्टर आणि लेन्स्टर प्रांतांत साखळी सामने सुरू झाल्याने एप्रिल ते जून दर आठवड्याला बघण्यासारखं काही ना काही असतं. दूरच्या चाहत्याला एका रविवाराऐवजी अख्खा वसंत मिळाला.

घड्याळ मात्र कोणाच्या हातात नाही. दुपारी साडेतीनचा अंतिम सामना न्यूयॉर्कला सकाळी साडेदहाला, सॅन फ्रान्सिस्कोत साडेसातला, पर्थमध्ये रात्री साडेदहाला आणि सिडनीत मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतो. भारतात रात्रीचे आठ, म्हणजे जेवण उरकून बसता येतं.

21 जुलै 2024 चा क्लेअर-कॉर्क सामना सत्तर मिनिटांत सुटला नाही, जादा वेळेत गेला. टोनी केलीने बचावपटूंच्या गर्दीतून चेंडू काठीवर नाचवत नेऊन केलेला गोल कितीही वेळा बघावा असा आहे. शेवटी क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. म्हणजे 38 विरुद्ध 37. अगदी अखेरच्या क्षणी कॉर्कच्या रॉबी ओ'फ्लिनने बरोबरीसाठी मारलेला फटका बाहेर गेला, आणि मारताना त्याचा शर्ट मागून ओढला गेलेला चित्रात स्पष्ट दिसत होता. पंचांनी फ्री, म्हणजे अशा आगळिकीबद्दल मिळणारा मोकळा फटका, दिली नाही. 2005 नंतर कॉर्कला किताब नाही. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेल्या कॉर्कने उत्तरार्धात जेमतेम दोन पॉइंट केले आणि टिपरेरीने त्यांना 3-27 विरुद्ध 1-18 असं धुतलं. त्या हरण्यावर वाद घालायला काही उरलंच नव्हतं. 2024 चं तसं नाही.

इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि घरच्या ग्रुपवर गोलचा मेसेज आधी येऊन पडतो. म्हणून बरेच जण सामना चालू असेपर्यंत मेसेज बघतच नाहीत आणि शेवटच्या शिट्टीनंतरच घरी फोन लावतात. 2024 च्या त्या सामन्यानंतर सिडनीत रात्रीचे अडीच वाजून गेले होते. कॉर्कच्या घरांतून पलीकडून फोन उचलला गेला असेल तेव्हा ख्यालीखुशालीच्या आधी एकाच गोष्टीवर बोलणं झालं असेल : ती फ्री होतीच. दोन्ही काउंट्यांचे लोक अजूनही त्यावर भांडतात, आणि बॉस्टनमधले घरच्यांपेक्षा जरा जास्तच.