ऑनलाइन विकायच्या फोटोंचं कॉपीराइट रजिस्ट्रेशन: कोण करू शकतं, कागद काय लागतात, पैसे किती

मालवण, तारकर्ली, गुहागर, हरिहरेश्वर, कुठलाही किनारा घ्या, तिथले फोटो नि चित्रं ऑनलाइन विकणारी पोरंपोरी आता कोकणात बरीच झालीत. आणि मग एक दिवस कोणतरी फोन करून सांगतो की तुझा सिंधुदुर्ग किल्ल्याचा सूर्यास्त अमक्या होमस्टेच्या फ्लेक्सवर झळकतोय. त्यावर सगळ्यांचा प्रश्न ठरलेला, कॉपीराइट कुठून काढायचा?

तर काढायचा नसतोच. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात फोटो हा 'कलात्मक कृती'त मोडतो, आणि तुम्ही बटण दाबलंत तेव्हाच हक्क तयार झाला, तुमच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढे ६० वर्षं. दिल्लीला करायचं असतं ते रजिस्ट्रेशन, ते ऐच्छिक आहे, आणि त्याचा उपयोग पुराव्यापुरता: कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणजे ती खोटी आहे हे समोरच्याला सिद्ध करत बसावं लागतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, नाहीतर हजार फोटो घेऊन फी भरत सुटाल.

आता कोण अर्ज करू शकतं, आणि इथेच जास्त गोंधळ होतो. स्वतः फिरून, स्वतःच्या मर्जीने काढलेला फोटो असेल तर मालक तुम्ही, विषय संपला. पण एखाद्या रिसॉर्टवाल्याने पैसे देऊन तुमच्याकडून त्याच्या खोल्यांचे आणि समोरच्या बीचचे फोटो काढून घेतले असतील, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो रिसॉर्टवाला, जोपर्यंत तुमच्यात वेगळा करार नाही. लग्नाच्या ऑर्डरचं पण तसंच. नोकरीत पगारावर काढलेले फोटो साधारण मालकाचे. आपले बरेच फोटोग्राफर "कॅमेरा माझा, फोटो माझा" म्हणतात, ते कायद्याला मान्य नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच एका कागदावर लिहून घ्या की हक्क माझ्याकडे राहणार, तुम्हाला अमुक वापराची परवानगी. भिडेपोटी आपण हे करत नाही आणि नंतर भांडण होतं.

दुसरं, हक्क तुमच्या फोटोवर असतो, जागेवर नाही. शेजारचा त्याच जेटीवरून तोच किल्ला त्याच्या मोबाइलने काढून विकतो तर ती चोरी नव्हे, कितीही राग आला तरी. उलट पिंगुळीच्या एखाद्या हयात कलाकाराने काढलेलं चित्रकथीचं चित्र किंवा सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, नवा सेट तुम्ही फक्त सरळ समोरून टिपलात, तर मूळ चित्राचा हक्क त्या कलाकाराचा, त्याला न विचारता तुम्ही प्रिंट विकू शकत नाही. रजिस्टरमध्ये मुद्दाम खोटी नोंद करून घेतली तर कलम ६७ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे 'बघू, टाकून तर देऊ' असं करू नका.

अर्ज कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर होतो, कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इन. ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे पण तिकडे जायची गरज नाही. आधी युजर म्हणून नाव नोंदवा, मग फॉर्म १४ भरा, त्यासोबत दोन तक्ते येतात, एक कृतीच्या तपशिलाचा आणि एक अधिकच्या तपशिलाचा. यात 'प्रकाशित की अप्रकाशित' हा रकाना नीट वाचा. वेबसाइटवर किंवा इन्स्टावर सगळ्यांना दिसेल असा टाकलेला फोटो प्रकाशित झाला, लोक तिथे बिनधास्त अप्रकाशित लिहितात. पहिल्यांदा कुठल्या वर्षी, कुठल्या देशात प्रकाशित झाला तेही लिहावं लागतं.

फी एका कृतीला ५०० रुपये. आणि एका अर्जात एकच कृती, म्हणून सगळं फोल्डर रजिस्टर करायच्या भानगडीत पडू नका, जे चार-पाच फोटो खरंच विकले जातात आणि चोरले जातात तेवढेच करा. चित्र एखाद्या मालावर किंवा सेवेसाठी वापरायचं असेल, म्हणजे हापूसच्या पेटीवरचं डिझाइन किंवा कोकम सरबताचं लेबल, तर फी २००० रुपये, वर ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडून टीएम-सी फॉर्मने सर्च सर्टिफिकेट आणावं लागतं की असला ट्रेडमार्क आधीच कोणाचा नाही.

कागद म्हणाल तर ओळखपत्र, सही स्कॅन केलेली, आणि फोटोची फाइल. फोटोत एखाद्या माणसाचा चेहरा ओळखू येत असेल, जाळं ओढणारा रापणकर किंवा दशावतारातला कलाकार, तर त्याची ना हरकत लागते, आणि ती तिथल्या तिथे घेतलेली बरी, नंतर तो माणूस सापडतोय कुठला. अर्जदार आणि फोटोग्राफर वेगळे असतील तर फोटोग्राफरची ना हरकत, प्रकाशक वेगळा असेल तर त्याची, वकिलामार्फत करत असाल तर वकीलपत्र.

पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंदणी क्रमांक मिळतो. ज्यांचा त्या फोटोवर काही दावा असू शकतो त्यांना नोटीस तुम्हीच द्यायची असते. त्यानंतर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात, हरकत आली नाही तर तपासणी, काही चूक निघाली तर त्रुटीपत्र येतं आणि त्याला मुदतीत उत्तर द्यावं लागतं, म्हणून मेल बघत राहा. हरकत आलीच तर दोघांना बोलावून सुनावणी. सर्टिफिकेट महिन्याभरात हातात पडेल असं कोणी एजंट सांगत असेल तर ३० दिवसांचा हिशोब त्यालाच विचारा.

अर्ज चालू असताना बाकीची काळजी सोडू नका. राइट क्लिक बंद करणं म्हणजे कुडाच्या घराला तिजोरीचं कुलूप, स्क्रीनशॉट सगळ्यांना काढता येतो. साइटवर लांब बाजू १२०० पिक्सेलची ठेवलीत तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ४ इंचाची चांगली प्रिंट निघते, फ्रेम करून विकणारा त्यावर अडतो, पण फ्लेक्सवाला अडत नाही कारण फ्लेक्स लांबून बघायचा असतो. म्हणून वॉटरमार्क मधोमध टाका, कोपऱ्यातला कापून टाकायला दोन सेकंद लागतात. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत आत साठवलेल्या माहितीत, नाव आणि कॉपीराइट भरून ठेवा, ही माहिती जाणूनबुजून काढून टाकणं कलम ६५ बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत. आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, कोणालाही देऊ नका, अगदी मित्राला पण नाही.

चोरी सापडली की आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, फ्लेक्सचा फोटो जागेसकट. हे कोर्टात द्यायचं झालं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा ठसा, पण येते. वेबसाइटवर असेल तर त्या कंपनीला लेखी तक्रार करा, मिळाल्यापासून ३६ तासांत त्यांनी ती काढायची असते, पण तुम्ही २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चढवू शकतात. छापून विकत असेल तर पोलिसांकडे जाता येतं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र (पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात असा) आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. भरपाई पाहिजे तर दिवाणी दावा, आणि तो तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो, म्हणजे मालवणच्या माणसाला सिंधुदुर्गच्या जिल्हा कोर्टात, ओरोसला, चोर मुंबईचा असला तरी.

सर्टिफिकेट आल्यावर पत्ता बदलला किंवा एखाद्या फोटोचे सगळे हक्क विकून टाकलेत तर फॉर्म १५ भरून नोंद बदलून घ्या. हक्क विकायचा करार लेखीच पाहिजे, आणि त्यात मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत.