गोधडीच्या चौकोनावरील भरतकाम

गोधडीच्या चौकोनावरील भरतकाम : कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवण्याआधी त्यांतल्या काही चौकोनांवर रंगीत दोऱ्याने हाताने नक्षी भरण्याचा प्रकार. सातारा-सांगलीकडे गोधडीला ‘वाकळ’ म्हणतात. तासगाव, खानापूर, वाळवा हे आज सांगलीचे असलेले तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. जिल्हे वेगळे झाले तरी वाकळ दोन्हीकडे वाकळच राहिली. सांगलीतल्या जतपलीकडे कन्नड मुलखात मात्र तिची ‘कौदी’ होते.

जुन्या वाकळेवर वेगळे भरतकाम नसे. नऊवारी लुगड्यांचे चार-सहा थर अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. त्या ओळी हीच तिची नक्षी. भरतकाम घरात होते, पण ते शाळेतल्या शिवणाच्या तासाला शिकलेले, उशीच्या अभ्र्यावर नाहीतर टेबलक्लॉथवर काढलेले. वाकळ अंगावर घ्यायची आणि अभ्रा पाहुण्यांसमोर मांडायचा, अशी सरळ वाटणी होती. चौकोनावर भरतकाम आले की ही वाटणी मोडते. बाळाच्या गोधडीत ती सहज मोडते, कारण तिथे ऊबही हवी असते आणि कौतुकही.

या कामात सगळे क्रमावर अवलंबून असते. बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिकडच्या भरतकामाच्या गोधडीत, थर आधी आणि चित्र नंतर. साधा धावदोरा थरांच्या आरपार जातो म्हणून ते जमते. साखळी टाका किंवा भरीव पाकळी सहा थरांतून ओढायला गेले तर सुई वाकते आणि बोट सोलवटते. म्हणून चौकोन एकेरी असतानाच भरून घेतात. भरताना कापड आखडते, तेव्हा ते आधी मोठे कापावे लागते. तयार चौकोन ९ इंचांचा हवा असेल तर ११ इंचांचा घ्यावा, भरून झाल्यावर साडेनऊ इंचांवर छाटावा. चारही बाजूंचा पाव-पाव इंच जोडाच्या शिवणीत जातो. हा हिशेब चुकला की फुलाचे टोक शिवणीत गडप होते.

नक्षी उतरवायला पिवळा कार्बन चालतो. जुनी रीत अशी : बटर पेपरवर चित्र काढून रेघेवर सुईने बारीक भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली ठिपक्यांचा मोर दिसतो. वास दोन दिवस जात नाही, ही गोष्ट वेगळी.

लच्छीचा दोरा सहापदरी असतो; त्यातले दोन-तीन पदर सुटे करून वापरतात. देठाला दांडी टाका, पाकळीला लेझी डेझी (साखळीचा एकच सुटा टाका) आणि बाह्यरेषेला उलटी टीप एवढ्यावर बहुतेक काम भागते. गाठीचा टाका दिसायला गोड, पण डोक्याकडच्या चौकोनात घालू नये. रात्री गालाला टोचतो. भरगच्च भरलेला चौकोन पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, आणि मग ती वाकळ पांघरायची राहत नाही. लाल दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग जातो का ते पाहावे. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून करावी, नाहीतर उठाव बसतो. पुढे थर शिवताना धावदोरा नक्षीवरून नेत नाहीत, तिला वळसा घालतात.

अमेरिकेत १८८०च्या दशकात वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या गोधड्यांची लाट आली, तेव्हा भरतकाम मुख्यतः तुकड्यांच्या जोडांवर होत असे. आपल्याकडे चौकोनाचा मध्य भरतात. पुष्कळदा तिथे बाळाचे नाव असते. भांड्यांवर नाव घालणाऱ्या मुलखात हे नवल नाही.

कापड जुने सुतीच बरे. खणाच्या तुकड्यावर मात्र मेहनत वाया जाते : त्याच्या स्वतःच्याच चमकत्या विणीत दोरा हरवतो. सीमाभागातल्या जुन्या इरकली लुगड्याच्या पदरावर कधीकधी कशिदा असतो, धाग्यांची मोजदाद करून काढलेला, गोपुर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती. त्यातल्या गवंती टाक्याला (जाऊन-येऊन घातलेल्या दुहेरी धावदोऱ्याला) गाठ नसते आणि तो उलटसुलट सारखाच दिसतो. असा तुकडा सापडला तर त्यावर आणखी काही भरू नये. तो मधोमध बसवावा आणि भोवती साधे चौकोन लावावेत.